भांड्यांच्या द्रव साबणाचा दाटपणा व त्याचा नितळपणा

तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम करणारे कारागीर कसबा पेठेतील तांबट आळीत आजही आहेत. ह्या वस्तीच्या आसपासच्या घरांत तांब्यापितळेची भांडी एके काळी चिंच, राख आणि नारळाच्या शेंडीने घासली जात. आता ती बहुधा सणासुदीला बाहेर निघतात. रोजच्या वापरात स्टेनलेस स्टील आले आहे आणि राखेची जागा द्रव साबणाने घेतली आहे. हा साबण घरी करण्याची खटपट पुष्कळजण करतात. काही गृहोद्योग तो बाटल्यांत भरून विकतातही. त्या सर्वांपुढे एकच अडचण उभी राहते : द्रव पाण्यासारखा पातळ होतो, आणि तो दाट करावयास जावे तर गढूळ होतो. गिऱ्हाईक पातळ द्रवाला निःसत्त्व समजते व गढूळ द्रवाला नासका. त्यामुळे प्रश्न दिसावयास किरकोळ असला तरी विक्री त्यावर अडते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. दाटपणा म्हणजे मळ काढण्याची शक्ती नव्हे. शेकडा १५ भाग प्रक्षालक असलेला द्रव व शेकडा ८ भाग प्रक्षालकात डिंक घोटून केलेला द्रव बाटलीत सारखेच दाट दिसू शकतात. तेलकट कढई मात्र त्यांतील फरक ताबडतोब ओळखते. दाटपणाचा खरा उपयोग एवढाच की द्रव घासणीवर टिकतो व एका भांड्यास किती घ्यावयाचा ह्याचा अंदाज राहतो.

दुसरी गोष्ट अशी की ‘द्रव साबण’ ह्या एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न पदार्थ वावरतात. एक खरा साबण : तेल व दाहक पोटॅश ह्यांच्या साबणीकरणाने झालेला, म्हणजे मेदाम्लांचा पोटॅशियम क्षार. दुसरा संश्लेषित प्रक्षालक : बाजारात ‘ॲसिड स्लरी’ नावाने मिळणारे अम्ल दाहक सोड्याने उदासीन करून, किंवा सोडियम लॉरिल ईथर सल्फेटचा पांढरा लगदा पाण्यात विरघळवून केलेला. ह्यांपैकी आपल्या पातेल्यात कोणता आहे हे ठाऊक नसताना दाट करण्याचा उपाय योजणे म्हणजे रोग न ओळखता औषध देणे होय. एकास मानवणारा उपाय दुसऱ्यास बिघडवू शकतो.

प्रक्षालकाचा विचार आधी करणे सोयीचे, कारण तेथे उपाय स्वस्त आहे : साधे मीठ. मिठाने द्रव दाट का व्हावा, ह्याचे उत्तर साबणाच्या रेणूंच्या मांडणीत सापडते. साबणाच्या द्रावणांच्या विद्युत्‌वाहकतेचा अभ्यास करणाऱ्या मॅक्‌बेन ह्या रसायनशास्त्रज्ञाने १९१३ साली असे सुचविले की हे रेणू द्रावणात सुटे न राहता पुंजके करून राहतात. ह्या पुंजक्यांना मायसेल असे नाव आहे. प्रत्येक रेणूस पाण्याशी सख्य असलेले एक डोके व पाणी टाळणारी एक शेपटी असते. शेपट्या आत व डोकी बाहेर अशी मांडणी होऊन लहान गोल पुंजका बनतो. सर्व डोक्यांवर ऋण विद्युत्‌भार असल्याने ती एकमेकांस दूर लोटतात, आणि ह्या लोटण्यामुळेच पुंजका गोल राहतो. गोळ्या एकमेकींवरून सहज घरंगळतात. म्हणून द्रव पातळ.

आता मीठ घातले म्हणजे त्यातील सोडियमचे धनभारित आयन डोक्यांभोवती जमतात व त्यांचे परस्परांना लोटणे मंदावते. डोकी जवळ सरकतात. गोल पुंजका लांबत जाऊन काठीसारखा, पुढे गांडुळासारखा होतो. असे लांबलचक पुंजके शेवयांप्रमाणे एकमेकांत गुंतले की द्रव ओतताना अडखळू लागतो. तरीही त्यांची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीहून फार कमी असल्याने ते प्रकाश फारसा विखुरत नाहीत, आणि द्रव नितळ राहतो. दाटपणा व नितळपणा एकत्र नांदतात ते ह्या अवस्थेत.

परंतु ही अवस्था अरुंद आहे. मीठ आणखी वाढविल्यास पुंजक्यांना फाटे फुटतात, गुंता सैल पडतो व द्रव पुन्हा पातळ होऊ लागतो. त्याहून अधिक झाल्यास प्रक्षालक पाण्यापासून वेगळा होऊन गढूळपणा येतो. म्हणजे दाटपणाचा आलेख टेकडीसारखा आहे. नवखा मनुष्य ह्या टेकडीचा माथा ओलांडतो आणि द्रव पातळ होत चाललेला पाहून आणखी मीठ घालतो. घरगुती प्रयत्न फसण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे.

म्हणून सगळ्या पातेल्यात मीठ न टाकता आधी नमुन्यांवर प्रयोग करावा. २० ग्रॅम मीठ ८० ग्रॅम पाण्यात विरघळवून ते पाणी दाट फडक्यातून गाळून घ्यावे. द्रवाचे १०० मिलिलिटरचे पाचसहा नमुने काचेच्या पेल्यांत घेऊन त्यांत हे पाणी अनुक्रमे २, ४, ६, ८, १० मिलिलिटर घालावे व हलक्या हाताने ढवळावे. ५ मिलिलिटरमध्ये सुमारे १ ग्रॅम मीठ असते. ईथर सल्फेटच्या द्रावणात माथा बहुधा शेकडा १ ते ३ भाग मिठाच्या आसपास सापडतो. ॲसिड स्लरीचे प्रमाण अधिक असल्यास गढूळपणा लवकर येतो. पेले रात्रभर ठेवून सकाळी निकाल पाहावा, कारण ढवळताना अडकलेली हवा द्रवाला खोटा गढूळपणा आणते. माथ्याच्या थोडे अलीकडे थांबणे शहाणपणाचे. घातलेले मीठ काढता येत नाही. माथा ओलांडलाच तर बिनमिठाचा द्रव मिसळून मागे येता येते. टेबलावरच्या मिठात ते मोकळे राहावे म्हणून न विरघळणारी द्रव्ये मिसळलेली असतात, त्यांनीही धूसरता येते. काही कृतींत युरिया सांगितलेला असतो. तो द्रव स्वच्छ ठेवतो खरा, पण पातळही करतो.

खऱ्या साबणाची गोष्ट वेगळी आहे. येथे कोणते तेल घेतले ह्यावर बरेच ठरते. खोबरेलाचा पोटॅश साबण नितळ व भरपूर फेसाचा, पण पातळ असतो, आणि मिठाला तो सहसा दाद देत नाही. खाऱ्या पाण्यात वापरावयाचे साबण खोबरेलाचे करीत ते ह्याच गुणामुळे. ओलेइक अम्ल विपुल असलेल्या तेलांचा साबण थोड्या मिठाने दाट होतो, मात्र मिठातील सोडियम पोटॅशियमची जागा घेऊ लागल्याने तो थिजण्याचा किंवा फाटण्याचा धोका जवळच असतो. वनस्पती तूप व पामतेल ह्यांतील संपृक्त मेदाम्ले द्रवाला मोत्यासारखी झाक आणतात; नितळपणा हवा असेल तर ती टाळलेली बरी. एरंडेलाचा थोडा अंश नितळपणास मदत करतो.

अशा साबणास मिठापेक्षा सेल्युलोजपासून केलेले दाटक अधिक मानवते. हायड्रॉक्सिएथिल सेल्युलोज थंड पाण्यात भुरभुरून भिजू द्यावे व त्याचा नितळ लुकणा झाल्यावर साबणात मिसळावा. झँथन डिंकाचा नितळ प्रकारही चालतो. तो आधी ग्लिसरिनमध्ये कालवला म्हणजे गुठळ्या होत नाहीत. कॉर्नफ्लोअर व साधे गवारीच्या डिंकाचे पीठ स्वस्त आहे, पण दोन्हींनी धूसरता येते आणि पुढे बुरशीही धरते.

तांब्यापितळेच्या घरांत एक मोह हटकून होतो : साबणातच लिंबाचा रस किंवा चिंचेचा कोळ घालावा, म्हणजे एकाच बाटलीत चकाकीही मिळेल. खऱ्या साबणात हे करताच अम्ल मेदाम्लांना मोकळे करते, ती पाण्यात विरघळत नाहीत, आणि द्रव दुधाळ होऊन फेस मरतो. प्रक्षालकात सायट्रिक अम्ल चालते. फळाचा गर मात्र तेथेही गढूळपणाच आणणार. चिंचेचे काम तांब्यावरील काळा व हिरवा थर विरघळविण्याचे, साबणाचे काम ओशटपणा काढण्याचे. ती दोन कामे एकामागून एक करावी. खरा साबण तांब्यापितळेच्या भांड्यात शिजवू अगर साठवू नये, कारण तांब्याचे हिरवट साबण तयार होऊन रंग बिघडतो. ॲल्युमिनियमला तर दाहक अल्कली खाऊनच टाकते व हायड्रोजन वायू सुटतो. भांडे स्टेनलेस स्टीलचे घ्यावे. दाहक पोटॅश नेहमी पाण्यात घालावा, त्यावर पाणी ओतू नये, आणि डोळे झाकलेले असावेत.

पाण्याचाही दोष असू शकतो. आडाच्या किंवा कूपनलिकेच्या जड पाण्यातील कॅल्शियम खऱ्या साबणाशी मिळून न विरघळणारा साका बनवते. ऊर्ध्वपातित पाणी वापरले की हे कारण उरत नाही.

गढूळपणा नेमका कशाचा हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. पुण्यात पौष महिन्यातील पहाटे बाटली धूसर दिसली तर ती कोमट पाण्यात उभी करावी. द्रव नितळ झाला, तर थंडीने संपृक्त मेदाम्लांचा साबण बाहेर पडला होता असे समजावे. पुढील खेपेस तेल बदलावे. कोमट होऊनही धूसरता राहिली आणि दोन दिवसांनी तळाशी पांढरा थर बसला, तर बहुधा पाण्यातील कॅल्शियम किंवा मिठातील कचरा कारण आहे. थर तळाशी न बसता वर तरंगला, तर साबण न झालेले तेल किंवा सुटे झालेले मेदाम्ल शिल्लक आहे, आणि तेथे कोणतेही दाटक उपयोगी पडणार नाही.