प्राचीन रोमचा उदय : भौगोलिक पार्श्वभूमी व प्रारंभिक वसाहत

रोमच्या इतिहासाचे विवेचन बहुधा रोम्युलस व रेमस यांच्या कथेपासून सुरू होते. लांडगीने पाजलेल्या या जुळ्या भावांपैकी रोम्युलसने नगराची स्थापना केली, असे ही कथा सांगते. इ.स.पू. पहिल्या शतकातील विद्वान व्हॅरो याच्या गणनेवरून त्या घटनेचे इ.स.पू. ७५३ हे वर्ष रूढ झाले. तथापि उत्खननातून समोर येणारे चित्र एका संस्थापकाचे व एका मुहूर्ताचे नाही.

इटलीच्या द्वीपकल्पाचा कणा म्हणजे अ‍ॅपेनाइन पर्वतरांग. तिच्या पश्चिमेस सुपीक मैदाने अधिक आहेत. त्यांपैकीच लॅटियम हा लॅटिन भाषकांचा प्रदेश होय. रोमचे स्थान टायबर नदीच्या काठी, समुद्रापासून सुमारे २५ किलोमीटर आत आहे. येथे नदीतील बेटाजवळ पात्र ओलांडणे तुलनेने सोपे होते. नदीच्या मुखाजवळील मिठागरांतून सॅबाइन लोकांच्या डोंगराळ मुलखाकडे जाणारा मार्ग येथूनच जाई. त्याचे ‘व्हिया सलारिया’ हे नावच मिठावरून पडले आहे. उत्तरेस एट्रुस्कन नगरे, दक्षिणेस कॅम्पानियातील ग्रीक वसाहती. या दोहोंमधील वाटेवर हा उतार होता.

सात टेकड्यांचे महत्त्व नेहमी सांगितले जाते, परंतु त्यांच्यामधील सखल भागाकडे दुर्लक्ष होते. पॅलाटाइन टेकडीवर झोपड्यांचे खांब रोवण्यासाठी खडकात खोदलेले खड्डे सापडले असून ते इ.स.पू. आठव्या शतकाच्या सुमाराचे मानले जातात. खालच्या दरीत मात्र दलदल होती व तिच्या कडेला स्मशानभूमी. जाकोमो बोनी यांनी १९०२ मध्ये तेथे उत्खनन सुरू केले, तेव्हा दहन व दफन या दोन्ही पद्धतींच्या कबरी आढळल्या. काही अस्थिकलश तर झोपडीच्याच आकाराचे होते. जणू मृतांनाही घर हवे!

इ.स.पू. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात या दरीत मातीचा प्रचंड भराव घालून तिची पातळी उंचावण्यात आली व पाण्याचा निचरा करण्यात आला. परंपरा निचऱ्याच्या कामाचे श्रेय एट्रुस्कन वंशाच्या टार्क्विन राजांना देते. श्रेय कोणाचेही असो, एवढे श्रम एकट्या टेकडीवरील वस्तीच्या आवाक्यातील नव्हते. विखुरलेल्या वस्त्या एका सत्तेखाली आल्याशिवाय हे कार्य संभवत नाही. म्हणून रोमचा नगर म्हणून जन्म टेकडीवरील पहिल्या झोपडीत नव्हे, तर या भरावात शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. याच भूमीवर पुढे ‘फोरम’ हा नगरचौक उभा राहिला.

१८९९ मध्ये बोनी यांनाच फोरममध्ये काळ्या फरसबंदीखाली इ.स.पू. सहाव्या शतकातील एक शिलालेख मिळाला. त्याची भाषा प्राचीन लॅटिन, तर लिपी ग्रीकांकडून एट्रुस्कनांमार्फत आलेली आहे. त्याचा बराच भाग तुटलेला असला, तरी ‘राजा’ या अर्थाचा शब्द त्यात स्पष्ट वाचता येतो.