चालीचें मोजमाप

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत स्थितप्रज्ञाचें लक्षण विचारतांना, तो बोलतो कसा, बसतो कसा आणि चालतो कसा, असा प्रश्न अर्जुनानें केला आहे. मनुष्याच्या अंतःस्थितीची खूण त्याच्या चालींत सांपडते, हें त्या प्रश्नांत गृहीतच आहे. सुश्रुतानेंही कलायखंज या व्याधीचें वर्णन करतांना, चालूं लागतांच थरथरणारा व लंगडत जाणारा रोगी आपल्यापुढें उभा केला आहे. तें निरीक्षण डोळ्यांचें होतें. आज तें काम खिशांतला मोबाईल करूं लागला आहे.

मोबाईलमध्यें त्वरणमापक नांवाचा अतिसूक्ष्म घटक असतो. त्यांत बारीक पट्ट्यांवर तोललेला सिलिकॉनचा तुकडा फोन हालतांच किंचित् सरकतो आणि त्या सरकण्याची नोंद विजेच्या रूपानें होते. टाच जमिनीस टेकली कीं शरीरास बसणारा हिसका तींत उमटतो. दोन हिसक्यांमधील काळ हा एका पावलाचा काळ. अशा नोंदींवरून चालण्याचा वेग, पावलाची लांबी आणि डाव्या-उजव्या पायांतील तफावत यांचा अंदाज काढतां येतो. अमेरिकेंत २०१५ सालीं सुरू झालेल्या एमपॉवर नांवाच्या अभ्यासांत कंपवाताच्या रोग्यांची चाल अशीच फोननें मोजली गेली. २०२० पासून आयफोन हे हिशेब स्वतःच दाखवूं लागला.

याचें महत्त्व काय, असें कोणी विचारील. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत नऊ अभ्यासांतील ३४,४८५ वृद्धांची माहिती एकत्र पाहण्यांत आली. ज्यांची चाल जलद ते सामान्यतः अधिक वर्षें जगले, असें त्यांत आढळलें. चालणें हें केवळ पायांचें काम नव्हे. हृदय, फुप्फुसें, मेंदू, सांधे आणि दृष्टि हीं सर्व तेथें एकत्र राबतात. शिवाय शिक्रापुरास चाकणचा रस्ता नगर रस्त्यास मिळतो, तेथें मालमोटारींच्या गर्दींतून पलीकडे जातांना मंदावलेली चाल कोणता धोका आणते, हें सांगावयास संशोधक नको.

आमच्या जवळचें वढू बुद्रुक हें गांव संभाजीमहाराजांच्या समाधीमुळें सर्वांस ठाऊक आहे. तेथील केईएम रुग्णालयाच्या संशोधनकेंद्रानें जागतिक आरोग्य संघटनेच्या एका अभ्यासासाठीं २००७ सालीं आसपासच्या गांवांतील पन्नाशीपुढील पांच हजारांहून अधिक माणसांच्या प्रकृतीची विचारपूस केली. असें काम घरोघरीं व्हावयास हवें. परंतु वडीलधाऱ्यांस आपण विचारलें, तर 'बरें चाललें आहे' हेंच उत्तर मिळतें. आणि रोज डोळ्यांपुढें असणाऱ्या माणसाची चाल कधीं मंदावली, तें एकत्र कुटुंबांत कोणाच्याच ध्यानांत येत नाहीं. रोजची नोंद ठेवणाऱ्या यंत्राचा उपयोग येथेंच आहे.

मात्र यांत एक अडचण आहे. फोन अंगावर असेल तरच चाल मोजली जाणार. आणि लुगड्यास खिसा नसतो! आजीबाईंचा फोन देवघराशेजारच्या फडताळांत पडून राहतो. कारखान्यांत जाणाऱ्या तरुण मुलाचीं पावलें मोजलीं जातात आणि जिची चाल मोजावयास हवी ती राहून जाते.

यावर साधा उपाय आहे. अंगणांत चार मीटर अंतरावर दोन रेघा माराव्या. पहिल्या रेघेच्या थोडें मागून नेहमींच्या चालीनें चालावयास सांगावें व दोन रेघांमधील वेळ फोनच्या घड्याळानें मोजावी. पांच सेकंदांहून अधिक लागल्यास वेग सेकंदास ०.८ मीटरांहून कमी पडतो. वृद्धांची अशी चाल वैद्यकांत मंद मानतात. दर महिन्यास तो आंकडा दिनदर्शिकेवर लिहावा, आणि तो वाढत गेल्यास डॉक्टरांस दाखवावा.

आंकडा म्हणजे निदान नव्हे. दुखरा गुडघा किंवा नवी वहाणही तो बिघडवते. तसेंच ही मोजणी वडिलांच्या संमतीनेंच व्हावी. त्यांस पहाऱ्यांत ठेवल्यासारखें वाटूं नये. सर्वांत बरें म्हणजे सायंकाळीं नातवानें त्यांच्यासोबत देवळापर्यंत चालत जावें. चाल मंदावली असेल, तर ती फोनच्या आधीं त्यालाच कळेल.