रंगाआधीचं काम

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची गेम्स वर्कशॉप ही कंपनी ‘वॉरहॅमर’ या कल्पनारम्य युद्धखेळाचे चिमुकले सैनिक बनवते. खेळ १९८३ सालचा. खोका उघडल्यावर बहुतेकदा हाती अख्खा सैनिक येत नाही, करड्या प्लास्टिकच्या चौकटी येतात. त्यांत हात, मुंडकी, ढाली सुट्या अडकलेल्या. वितळलेलं पॉलिस्टायरीन साच्यात ज्या वाटांनी शिरतं, त्या वाटाच थिजून ही चौकट तयार होते.

साच्याचे दोन भाग मिळतात तिथे केसाएवढी कड उमटते. शिरस्त्राणावरून, खांद्यावरून जाणारी ही कड आधी जाणवतही नाही, पण पातळ रंग तिच्याशी साचला की डोळ्यांत खुपते. सुरीचं पातं उभं धरून ती हलकेच खरवडायची. कंटाळवाणं काम, तरी टाळू नये.

मला खरी गंमत वाटते जोडणीत. इथला ‘प्लास्टिक सिमेंट’ हा गोंद नव्हे, द्रावक आहे. तो दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवतो, रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंततात, द्रावक उडून जातो आणि सांध्यात निव्वळ प्लास्टिक उरतं. धातूच्या किंवा रेझिनच्या मूर्तीवर मात्र त्याचा उपयोग नाही. तिथे ओलाव्याने घट्ट होणारा, फेविक्विकच्या जातीचा गोंद लागतो.

मग प्रायमर. पाण्यातला अ‍ॅक्रिलिक रंग उघड्या प्लास्टिकवर आकसतो. प्रायमरच्या पातळ थरावर तो नीट धरतो. आधी सगळीकडे काळा आणि मग फक्त वरून पांढरा फवारा मारला, तर ऊन-सावली कुठे पडणार हे ब्रश हाती घेण्याआधीच दिसतं.