आतड्यातील वस्ती आणि वसतिगृहाचे ताट

वसतिगृहात नवा विद्यार्थी दाखल झाला की पहिल्याच आठवड्यात आम्ही त्याचे वजन व उंची नोंदवून ठेवतो. ही नोंदवही चाळताना एक कोडे आम्हांस अनेक वर्षे छळत आले आहे. एकाच पंक्तीत बसून एकाच पातेल्यातील आमटी-भाकरी खाणारी दोन मुले. त्यांतील एक वर्षभरात अंग धरते, दुसरे मात्र जेवूनखाऊनही वाळलेलेच राहते. पालक भेटीस आले की हमखास विचारतात, "सर, हा जेवतो ना नीट?" तो जेवतो. मग ते अन्न जाते कुठे? जंत हे एक जुने आणि खरे कारण आहे, त्यासाठी गोळी देता येते. परंतु गेल्या काही वर्षांतील संशोधनाने आणखी एक कारण दाखवून दिले आहे.

मनुष्याच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१६ साली मांडला. शरीराच्या स्वतःच्या पेशीही साधारण तेवढ्याच. या जिवाणूंपैकी बहुतेकांची वस्ती मोठ्या आतड्यात असते. जंतू म्हटले की आपणांस रोगच आठवतो. परंतु ही वस्ती बव्हंशी उपकारक आहे. डाळी, पालेभाज्या आणि भरड धान्ये यांतील तंतू आपल्या पाचकरसांना पचत नाहीत. ते मोठ्या आतड्यात पोहोचले की जिवाणू त्यांना आंबवितात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार होते. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींची बहुतेक ऊर्जा याच आम्लातून येते. म्हणजे आपण जिवाणूंना जेवू घालतो आणि ते आपल्या आतड्याला. अस्तरावर बुळबुळीत श्लेष्म्याचा एक संरक्षक थर असतो. खाण्यात तंतू नसले तर काही जिवाणू तो थरच खाऊ लागतात, असे उंदरांवरील प्रयोगांत आढळले आहे. थर पातळ झाला की रोगजंतूंना वाट मोकळी होते.

कुपोषणाशी या वस्तीचा संबंध काय, हे आफ्रिकेतील मलावी देशात तपासले गेले. तेथील ३१७ जुळ्यांच्या जोड्यांचे निरीक्षण झाले. काही घरांत जुळ्यांपैकी एकच कुपोषित होई, दुसरे धडधाकट राही. अशा मुलांच्या विष्ठेतील जिवाणू जंतुरहित वाढविलेल्या उंदरांच्या पोटात सोडले आणि उंदरांना मलावीतीलच आहार दिला. कुपोषित भावंडाचे जिवाणू मिळालेल्या उंदरांचे वजन लक्षणीय घटले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा अर्थ इतकाच की अपुरे अन्न आणि बिघडलेली वस्ती ही दोन्ही मिळून मुलाला खालावतात.

याच प्रश्नाचा पुढील मागोवा ढाक्यातील आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्राचे डॉ. तहमीद अहमद आणि अमेरिकेतील डॉ. जेफ्री गॉर्डन यांनी घेतला. निरोगी बाळाच्या आतड्यातील वस्ती वयाबरोबर प्रौढ होत जाते; तीव्र कुपोषित बाळांची मात्र वयाच्या मानाने कोवळीच राहते. उपचाराचे अन्न दिल्यावर ती थोडी सुधारे आणि पुन्हा मागे पडे. तेव्हा संशोधकांनी प्रश्न फिरविला: बाळाला काय आवडते यापेक्षा त्याच्या उपकारक जिवाणूंना काय मानवते? अनेक पदार्थ पारखून हरभऱ्याचे व सोयाबीनचे पीठ, शेंगदाणे आणि कच्चे केळे यांचे मिश्रण निवडले गेले. ढाक्याच्या मीरपूर झोपडपट्टीतील १२ ते १८ महिन्यांच्या मध्यम कुपोषित बाळांना ते तीन महिने दिले आणि तुलनेसाठी दुसऱ्या गटाला प्रचलित पूरक अन्न दिले. नव्या मिश्रणात उष्मांक कमी होते, तरीही त्या बाळांची वजनवाढ अधिक वेगाने झाली. ११८ बाळांचा हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला.

येथे घाई नको. वाढीतील फरक माफक होता आणि ती बाळे होती. आमच्या पाचवी-सहावीतील मुलांस तोच निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही ते चारही जिन्नस आपल्याच शेतांत पिकतात, हे वाचताना आम्हांस विशेष वाटले. मूठभर भिजवलेले हरभरे आणि शेंगदाण्याची चटणी यांस 'गरिबाचे खाणे' म्हणून नाक मुरडणारी, आणि भेटीच्या दिवशी पिशवीभर बिस्किटपुडे आणणारी मंडळी आमच्या परिचयाची आहेत. ती माया आम्ही जाणतो. पण बिस्किटाच्या मैद्यात त्या वस्तीसाठी फारसे काही उरत नाही.

दुसरा धोका औषधांच्या पाकिटातून येतो. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका विद्यार्थ्यास जुलाब सुरू झाले. गावाकडून येताना सोबत दिलेल्या कॅप्सूल त्याने कोणास न विचारता घेतल्या, आणि जुलाब थांबण्याऐवजी लांबले. प्रतिजैविक औषध शत्रू-मित्र ओळखत नाही. विषाणूमुळे होणाऱ्या जुलाबांवर ते निरुपयोगी असते, आतड्यातील उपकारक वस्ती मात्र उजाड करते. त्या मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिलसारखा जिवाणू माजला तर आतड्याला गंभीर सूज येते. नेदरलँड्समध्ये अशा वारंवार उलटणाऱ्या आजारात निरोगी माणसाच्या विष्ठेतील जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडून पाहिले. १६ पैकी १५ रुग्ण बरे झाले. नेहमीचे प्रतिजैविक घेणाऱ्या १३ जणांपैकी चारच. किळस बाजूला ठेवून वाचावी अशीच ही हकिकत आहे.

साध्या जुलाबांत आधी क्षारसंजीवनीचे पाणी आणि चालू राहिलेले जेवण. शौचात रक्त, चढता ताप किंवा ग्लानी असेल तर विलंब न करता डॉक्टर. त्यांनी प्रतिजैविक दिले तर ते सांगितलेले सर्व दिवस घ्यावयाचे. पालकांस विनंती की मुलाच्या पेटीत गोळ्यांचे पाकीट ठेवू नये, ते अधीक्षकांकडे चिठ्ठीसह द्यावे. वजन-उंचीच्या त्या नोंदवहीत आम्ही आता एक नवा रकाना आखला आहे: मागील सहा महिन्यांत घेतलेली प्रतिजैविके. प्रवेशाच्या दिवशी तो भरावयास जुनी चिठ्ठी सोबत आणावी.