उधारीचा दावा आणि कागदांची मुदत

वऱ्हाडातला कापडाचा धंदा उधारीवर चालतो, हे अमरावतीच्या बिझीलँड-सिटीलँडमध्ये किंवा अकोल्याच्या जुन्या कापड बाजारात बसणाऱ्याला सांगावे लागत नाही. सुरत, मालेगाव, भिवंडीचा माल घाऊक दुकानात उतरतो, तिथून दर्यापूर, अचलपूर, मूर्तिजापूर, बाळापूरला जातो, आणि पैसे कापूस विकल्यावर येतात. येत नाहीत तेव्हा तगादा, मग मध्यस्थ, शेवटी कोर्ट. आमचे बरेच व्यापारी बंधू अजून याच समजुतीत आहेत, की दावा तर लावून टाकू, बिले-चिठ्ठ्या पुढे सवडीने देऊ. ती सवड आता राहिलेली नाही.

व्यापारी न्यायालयांचा कायदा २०१५ साली झाला. तेव्हा तो एक कोटी व त्यावरच्या दाव्यांना होता, म्हणून आमच्यासारख्या दुकानदारांनी तिकडे पाहिलेच नाही. २०१८ मध्ये ही मर्यादा तीन लाखांवर आली. तीन लाख म्हणजे लग्नसराईतले एका गिऱ्हाइकाचे खाते!

या कोर्टात वादीने आपल्या ताब्यातले, दाव्याशी संबंध असलेले सगळे दस्तऐवज दाव्यासोबतच द्यायचे असतात, आणि याखेरीज काही जवळ नाही असे शपथेवर सांगायचे असते. सगळे म्हणजे आपल्या विरुद्ध जाणारेही. माल परत आल्याची नोंद, मधे मिळालेली रोख रक्कम, हेही त्यात आले. दावा तातडीने लावावा लागला तर परवानगी घेऊन राहिलेले कागद तीस दिवसांत देता येतात. त्यानंतर योग्य कारण कोर्टाला पटले तरच, नाहीतर त्या कागदाचा आधार घेता येत नाही. मुनीम गावी गेला होता, हे कारण पटेल असे आम्हाला वाटत नाही. दावा लावताना जो कागद ताब्यातच नव्हता त्याला ही सक्ती तशी लागू नाही, असे सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितले. जाणूनबुजून किंवा हयगयीने कागद दडवणाऱ्यावर जबर खर्चही बसू शकतो. समोरच्याने कागद हजर करण्याची नोटीस दिली आणि सबळ कारणाशिवाय तो दिला नाही, तर कोर्ट त्याचा अर्थ आपल्या विरुद्ध लावू शकते.

देणेकऱ्यालाही मोकळीक नाही. समन्स मिळाल्यापासून फार तर १२० दिवसांत त्याची कैफियत कागदांसह आली पाहिजे. त्यानंतर ती घेताच येत नाही, हे २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पक्के केले. ‘माल डागी निघाला’ हे म्हणणे मग त्याला कैफियतीत मांडताच येत नाही. (दस्तऐवज, मुदत, कैफियत, समोरचा वकील हे शब्द इंग्रजीत बोलतो, पण उर्दू शाळेत शिकलेल्या आम्हाला ते घरचेच आहेत. घरचा शब्द म्हणून मुदत मात्र लांबत नाही.)

तीन लाखांच्या आतल्या साध्या दिवाणी दाव्यात नियम मवाळ आहेत. तिथेही कागद दाखवण्याचा हुकूम मोडला तर दावा फेटाळला जाऊ शकतो किंवा बचाव काढून टाकला जाऊ शकतो. पण हे हट्टाने हुकूम मोडणाऱ्यासाठीच, असे सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच म्हटले आहे.

आमच्या मते या सक्तीचा भार लहान दुकानदारावर जास्त पडतो. मोठ्या पेढीचे सगळे संगणकात असते. आपली बिले कर सल्लागाराकडे, चिठ्ठ्या दलालाकडे, ऑर्डर मुलाच्या मोबाइलवर. मोबाइलवरचा संदेश पुरावा म्हणून द्यायचा तर १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या साक्ष कायद्याप्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र लागते. फोन बदलताना जुना विकून टाकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थीचा अर्ज सक्तीचा आहे. त्यात तीन महिने, दोघे राजी असतील तर आणखी दोन जातात, आणि हा काळ दाव्याच्या तीन वर्षांच्या मुदतीत मोजत नाहीत. कागद जमवायला हाच खरा वेळ. आमच्या बाजारात बहुधा बिल असते; नसते ती माल घेणाऱ्याची सही असलेली बिल्टी. ती ट्रान्सपोर्टच्या गोदामात पडून असते. असे जुने गठ्ठे किती दिवस ठेवतात, हे ज्याने त्याने आपल्या ट्रान्सपोर्टवाल्याला विचारून घ्यावे.