किलोचा भाव आणि हौशीचा भाव

जुन्या वाहनाला ग्रामीण महाराष्ट्रात दोन भाव असतात, एक वजनाचा आणि दुसरा हौशीचा. जालना जिल्ह्यातील मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावी हे दोन्ही भाव एकाच वेळी समोर येतात, कारण जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेले जालना शहर लोखंडी सळयांच्या उद्योगासाठी प्रसिद्ध असून तेथील भट्ट्यांत भंगार लोखंड वितळवले जाते. गोठ्याच्या आडोशाला वर्षानुवर्षे उभी असलेली एम-८० किंवा लुनासारखी दुचाकी त्यामुळे कोणत्याही दिवशी तराजूवर चढू शकते. पण तिचाच फोटो मोबाइलवरून एखाद्या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर गेला, तर दूरच्या शहरातील ग्राहक तिच्यासाठी भंगाराच्या कितीतरी पट रक्कम मोजायला तयार होतो. या दोन भावांमधील अंतर प्रामुख्याने हौशी जाणकारांच्या मतांवर ठरते, आणि ती मते वरवर लहरी वाटली तरी त्यांच्यामागे परीक्षेची एक ठरलेली रीत असते.

या हौशीचा मोठा साठा महाराष्ट्राच्याच कारखान्यांनी पुरवला आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीने जर्मनीतील टेम्पो कंपनीच्या सहकार्याने ‘हॅन्सिएट’ ही तीनचाकी आणली, आणि कंपनीचे नाव पुढे मराठीत मालवाहू गाडीचे सामान्यनामच होऊन बसले. या गाडीचे इंजिन पुढच्या एकमेव चाकावर बसवलेले असे व तेच चाक गाडीला ओढत असे. इंजिनाच्या झाकणामुळे पुढे आलेल्या नाकाडावरून लोकांनी तिला ‘डुक्कर रिक्षा’ म्हटले. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना १९७२ मध्ये आली. ती मोपेड होती, म्हणजे पायडल मारून सुरू होणारी व वेळप्रसंगी सायकलसारखी रेटता येणारी हलकी दुचाकी. त्याच वर्षी बजाजची चेतक स्कूटरही बाजारात उतरली. तिचे इंजिन मधोमध नसून उजव्या बाजूला असल्याने तोल किंचित एकीकडे जाई, आणि सकाळी ती सुरू होत नसेल तर आधी आडवी कलती करून मग किक मारण्याची युक्ती घरोघरी ठाऊक होती.

तरीही सर्वाधिक मतभेद ज्या गाडीवर होतात ती रॉयल एनफिल्डची ‘टॉरस’, म्हणजेच लोकांच्या तोंडची डिझेल बुलेट, होय. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते, आणि हा दाब सोसण्यासाठी इंजिन जड व दणकट ठेवावे लागते. टॉरसमध्ये ग्रीव्हज लोम्बार्डिनीचे ३२५ सीसीचे इंजिन होते, जे मुळात शेती व छोट्या उद्योगांच्या कामाला शोभणाऱ्या घडणीचे होते. जाणकारांचा एक पक्ष म्हणतो की थोड्या डिझेलवर मैलोगणती चालणारी आणि जगात क्वचितच कारखान्यात नियमितपणे तयार झालेली डिझेल मोटारसायकल जपलीच पाहिजे. दुसरा पक्ष म्हणतो की साडेसहा अश्वशक्तीच्या बळावर एवढे वजन ओढणारी, हँडल धरणाऱ्याच्या कोपरापर्यंत थरथर पोहोचवणारी ही गाडी म्हणजे चाकांवर बसवलेला पाण्याचा पंप आहे. दोन्ही मते आपापल्या जागी खरी आहेत, कारण पहिला पक्ष दुर्मीळपणाला किंमत देतो आणि दुसरा वापराला.

यामाहा आरएक्स १०० बाबत वाद निराळा आहे. १९८५ ते १९९६ या काळात भारतात तयार झालेली ही ९८ सीसीची गाडी टू-स्ट्रोक आहे, म्हणजे तिचे इंजिन दट्ट्याच्या दर दोन फेऱ्यांना एकदा शक्ती देते आणि पेट्रोलसोबत ऑइलही जाळते. तिची चपळाई, तिचा विशिष्ट आवाज आणि तिचा धूर या तिन्हींचे मूळ तेथेच आहे. मागणी मोठी असल्याने त्याच घराण्यातील नंतरच्या गाड्यांचे भाग जोडून ‘ओरिजिनल’ आरएक्स १०० उभी केली जाण्याचा धोका असतो. म्हणून ‘इंजिन खोललेले नाही’, ‘शोरूम कंडिशन’, ‘पेपर क्लिअर’ असली जाहिरातीतील ठरीव वाक्ये जाणकार बाजूला ठेवतात आणि चासी नंबर, म्हणजे सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक, पेन्सिलने कागदावर उतरवून आरसी बुकाशी ताडून पाहतात. पत्र्यावर लोहचुंबक फिरवले जाते, कारण ज्या जागी खड्डे बुजवण्यासाठी ‘लांबी’चा जाड लेप भरलेला असतो तेथे चुंबकाची पकड सुटते. पाटीही बोलते. एमएच-२१ हा जालन्याचा क्रमांक असला तरी ‘एमएच’ने सुरू होऊन जिल्ह्याचा आकडा दाखवणारी पद्धत १९८९च्या सुमारास आली, त्यामुळे १९८६चे मॉडेल म्हणून विकायला काढलेल्या गाडीवर अशी पाटी दिसली तर तिचा खुलासा मागणे भाग असते.

हौशीला कायद्याची चौकटही आहे. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनी संपते व पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, ज्याला बोलीत ‘पासिंग’ म्हणतात. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेले व मूळ रूपात राखलेले दुचाकी किंवा चारचाकी वाहन ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. त्यासाठी नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, मात्र असे वाहन रोजच्या कामाला वापरता येत नाही. या हिशेबाने १९७२ची लुना आज पात्र ठरू शकते, पण १९८५ साली नोंदलेल्या आरएक्स १००ला २०३५ची वाट पाहावी लागेल. भाड्याने चालणाऱ्या प्रवासी वाहनांना ही सवलतही उरत नाही. २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी तेथील टॅक्सींसाठीची २० वर्षांची मर्यादा पूर्ण होताच रस्त्यावरून गेली.

हौशींचे मत गावाकडच्या विक्रेत्याला काय शिकवते, हे यावरून स्पष्ट होते. नवा रंग, चकचकीत आरसे आणि नवे सीट यांवर खर्च करून गाडीची किंमत वाढेलच असे नाही. उलट मूळ रंगाचा उडालेला पापुद्राही जाणकाराला पुरावा वाटतो. खरी अडचण बहुधा कागदाची असते. गाडी आजोबांच्या नावावर, आजोबा हयात नाहीत आणि वारसाच्या नावे हस्तांतरणासाठी लागणारा फॉर्म ३१ कधी भरलाच गेला नाही, अशा स्थितीत उत्तम इंजिनही ग्राहकाला स्वीकारता येत नाही आणि गाडी अखेर तराजूकडेच वळते. गोठ्यातील गाडी धुऊन तिचा फोटो काढण्याआधी घरातील ट्रंकेच्या तळाशी आरसी बुक शोधणे, हेच म्हणून विक्रेत्याचे पहिले काम ठरते.