अदृश्य गड्याचा माग

लपंडाव ठाऊक नाहीं असें मूल सांपडणें कठीण. त्या खेळांत लपणारा एका जागीं दबा धरून बसतो आणि शोधणारा हिंडतो. परंतु लपणाराही हिंडूं लागला, आणि तोही कोणाच्या दृष्टीस न पडतां, तर त्याचा शोध घ्यावयाचा कसा? पायांचा वेग तेथें कामास येत नाहीं; कामास येतें तें अनुमान. या एका कल्पनेवर पटावरचे अनेक खेळ उभे आहेत, आणि त्यांत सर्वांत प्रसिद्ध म्हणजे 'स्कॉटलंड यार्ड' हा होय.

बुद्धिबळाच्या पटावर सर्व कांहीं उघड असतें. प्रतिपक्षाच्या मनांत काय आहे तें कळत नाहीं, पण त्याचा घोडा कोठें उभा आहे तें लहान मुलासही दिसतें. हा उघडेपणा काढून टाकावा असें 1899 सालीं इंग्लंडांत हेन्री मायकेल टेंपल यांच्या मनानें घेतलें. त्यांच्या बुद्धिबळांत प्रत्येक खेळाडूस केवळ स्वतःचीं मोहरीं दिसतात. खरी स्थिति तिसऱ्या पटावर पंचापुढें असते, आणि खेळी नियमबाह्य झाली, मोहरें मारलें गेलें किंवा शह बसला, एवढेंच तो सांगतो. तेवढ्यावरून प्रतिपक्षाचें सैन्य ताडावयाचें. हा खेळ मोठा कठीण, म्हणून तो थोड्यांचाच राहिला. हीच कल्पना घरोघरीं नेण्याचें काम 1983 सालीं जर्मनींतील राव्हेन्सबुर्गर या प्रकाशकानें काढलेल्या 'स्कॉटलंड यार्ड'नें केलें. त्याच वर्षीं त्यास त्या देशांतील वर्षाच्या सर्वोत्कृष्ट खेळाचें पारितोषिक मिळालें. लंडनच्या पोलीस खात्याच्या मुख्य कचेरीस ज्या नांवानें ओळखतात, तेंच नांव या खेळास दिलेलें आहे.

पटावर लंडन शहराचा नकाशा असतो आणि त्यावर आंकडे घातलेलीं सुमारें 200 ठिकाणें. ठिकाणें तीन प्रकारच्या वाटांनीं जोडलेलीं आहेत. टॅक्सी जवळच्या ठिकाणीं नेते, बस त्याहून लांब, आणि जमिनीखालून धांवणारी रेल्वे सर्वांत लांब. एक गडी मिस्टर एक्स नांवाचा फरारी होतो. बाकीचे, जास्तींत जास्त पांच, गुप्तहेर होतात. गुप्तहेरांच्या सोंगट्या पटावर उघड फिरतात. फरारी मात्र आपल्या नव्या जागेचा आंकडा गुप्तपणें टिपून झांकून ठेवतो आणि कोणत्या वाहनानें गेला त्याचें तिकीट तेवढें सर्वांस दाखवितो. तिसऱ्या, आठव्या, तेराव्या आणि अठराव्या खेळीस त्याला क्षणभर प्रगट व्हावें लागतें. नंतर तो पुन्हां अदृश्य होतो. ठरलेल्या खेळी संपेपर्यंत तो हातीं लागला नाहीं तर डाव त्याचा.

आतां अनुमान कसें चालतें तें एका उदाहरणानें पाहूं. फरारी 67 या ठिकाणीं प्रगट झाला असें समजा. तेथून टॅक्सी 4 ठिकाणीं जाते, बस 5 ठिकाणीं आणि भुयारी रेल्वे 4 ठिकाणीं. म्हणजे तिकीट पाहण्यापूर्वीं 13 शक्यता होत्या. त्यानें टॅक्सीचें तिकीट टाकतांच त्यांतील 9 गळाल्या. राहिलेल्या 4 ठिकाणांपैकीं एका ठिकाणीं गुप्तहेर जाऊन उभा राहिला आणि फरारी सांपडला नाहीं, तर तेंही ठिकाण गेलें. येथें 'सांपडला नाहीं' ही निराशेची गोष्ट नव्हे. ती एक बातमीच आहे. या खेळांत शांतताही बोलते.

पुढच्या खेळीस प्रत्येक शक्य ठिकाणापासून नव्या वाटा फुटतात आणि यादी वाढूं लागते. परंतु तिकिटाचा दुसराही एक गुण आहे. तें पुढची दिशा दाखवितें, तसेंच मागची चूकही दुरुस्त करतें. टॅक्सी सर्वत्र मिळते, पण बस ठराविक ठिकाणींच थांबते. म्हणून फरारीनें बसचें तिकीट दाखविलें कीं, जेथें बस थांबत नाहीं अशा ठिकाणीं तो या खेळीपूर्वीं नव्हताच हें सिद्ध झालें. भुयारी रेल्वेचें तिकीट तर याहून बोलकें. तिचीं स्थानकें पटावर फार थोडीं. त्यामुळें ज्यानें ती गाडी धरली तो लांब गेला खरा, पण त्या मोजक्या स्थानकांपैकींच एकावर उतरला. वेगाची किंमत त्यानें गुप्ततेनें चुकविली.

हें सारें फरारीही जाणतो. त्याच्यापाशीं गुप्तहेरांच्या संख्येइतकीं काळीं तिकिटें असतात. काळें तिकीट कोणत्याही वाहनास चालतें आणि वाहनाचें नांव सांगत नाहीं. थेम्स नदींतील नावेंतही त्यावरच बसतां येतें. वरच्या उदाहरणांत तो काळें तिकीट टाकता तर तेराच्या तेरा शक्यता जिवंत राहिल्या असत्या. म्हणून कुशल फरारी तें तिकीट प्रगट झाल्यानंतर लगेच वापरतो. आधींच सर्वांची नजर चुकली असतांना तें खर्चणें म्हणजे भरल्या घागरींत पाणी ओतणें. तसेंच तो नेहमीं दूर पळत नाहीं. सर्वजण बाहेरच्या बाजूस धांवत असतां मागें वळून त्यांच्या पाठीशीं येऊन बसणें, हें कित्येकदां अधिक निर्धोक असतें. खेळाच्या पेटींत त्याच्यासाठीं पुढें छज्जा असलेली एक टोपीही दिलेली असते; कारण पटाकडे पाहणारे डोळे जिभेपेक्षां लवकर फितूर होतात.

गुप्तहेरांचें बळ त्यांच्या संख्येंत आहे, आणि त्यांचें दौर्बल्यही तेथेंच. नवशिके फरारी जेथें शेवटीं दिसला तेथें सर्वच्या सर्व धांवतात. ते पोंचतात तेव्हां तो तेथून गेलेला असतो. शिवाय त्यांचीं तिकिटें मोजकीं: भुयारी रेल्वेचीं प्रत्येकीं अवघीं चार, बसचीं आठ. मूळ नियमांप्रमाणें गुप्तहेरानें खर्चलेलें तिकीट फरारीच्या हातीं जातें. म्हणजे व्यर्थ धांवपळीचा खर्च पाठलाग करणाऱ्यानें द्यावयाचा आणि त्यावर प्रवास चोरानें करावयाचा! जाणते गुप्तहेर एकानें पाठीवर राहावें, दोघांनीं रेल्वेचीं स्थानकें धरावीं, उरलेल्यांनीं पुढच्या वाटा अडवाव्यात अशी वांटणी करतात. तो कोठें आहे या प्रश्नाइतकाच, त्याला आतां कोठें जातां येणार नाहीं, हा प्रश्न ते महत्त्वाचा मानतात.

तरीही चांगले चांगले डाव एका दोषानें हातचे जातात. पांचांपैकीं एखादा गडी मोठ्या आवाजाचा असतो. "तो नदीकांठींच आहे," असें तो ठासून सांगतो. चौघांना तसें वाटत नसतें, पण ते मान डोलावतात. पुढें तिकिटें निराळें सांगूं लागलीं तरी पहिला तर्क सोडवत नाहीं. उलट प्रत्येक नवें तिकीट ओढूनताणून त्या तर्कास चिकटविण्यांत येतें. पलीकडे टोपीखालीं बसलेला फरारी हें सारें ऐकत असतो, कारण गुप्तहेरांचा खल त्याच्या समोरच चालतो. शक्य काय आणि संभवनीय काय, यांतील भेद ज्यांना राखतां येत नाहीं, त्यांना तो पकडावा लागत नाहीं. तेच त्याला सोडून देतात.

या भेदाची गरज पटावरच संपती तर एवढा विस्तार करण्याचें कारण नव्हतें. घरांत सोन्याची वाटी दिसेनाशी होते. मोठ्या आवाजाचें कोणी तरी मोलकरणीचें नांव घेतें आणि बाकीचे मान डोलावतात. मग तिचें गप्प राहणें संशयास्पद ठरतें, आणि बोलणें त्याहून अधिक. कोण कोण त्या खोलींत गेलें होतें, वाटी शेवटीं कोणीं पाहिली, ती दुसरीकडे ठेवली गेली असणें शक्य आहे कीं नाहीं, याची यादी कोणी करीत नाहीं. आठ दिवसांनीं वाटी गाद्यांच्या घडींत सांपडते. पण गेलेली मोलकरीण परत येत नाहीं, आणि तिच्या नांवास लागलेला डाग वाटीबरोबर सांपडत नाहीं.

पटावर चुकीच्या तर्काचा दंड म्हणजे एक डाव. सोंगट्या पुन्हां मांडल्या कीं तो फिटतो. म्हणून मुलांना या पटाशीं बसूं द्यावें, आणि वडीलधाऱ्यांनींही त्यांच्याबरोबर बसावें. प्रत्येक तिकिटागणिक शक्य ठिकाणांची यादी कागदावर करावी, पुरावा मिळाल्यावांचून त्यांतील एकही नांव खोडूं नये, आणि पुरावा मिळाल्यावर आवडतें नांवही ठेवूं नये. एवढी शिस्त हातास लागली तर फरारी निसटला तरी तो डाव फुकट गेला असें म्हणतां येणार नाहीं.